चर हलवायचा, पण कुणाला विचारून?

कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांताच्या नैऋत्य टोकाला एसेक्स आणि चॅटम-केंट हे भाग आहेत. जमीन सपाट, माती चिकण, आणि बराचसा मुलूख मूळचा पाणथळ. तिथली शेती चरांमुळे शक्य झाली. शेताच्या पोटातल्या सच्छिद्र नळ्यांतून पाणी चरात येतं, आणि चरातून पुढे सरोवराकडे जातं. लेमिंग्टनच्या आसपास टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरचीची काचघरं वाढत चालली आहेत. मोठं काचघर उभारायचं तर आड येणारा चर हलवावा लागतो. असा विषय तिथल्या नगर परिषदेपुढे येतो आणि पुष्कळदा मंजूरही होतो. यात बातमी म्हणून काहीच नाही. पण मंजुरीची वाट कुठून कुठे जाते ते पाहण्यासारखं आहे.

तिथे या कामासाठी स्वतंत्र ड्रेनेज ॲक्ट आहे. नवा चर हवा असेल तर त्या क्षेत्रातल्या बहुसंख्य जमीनमालकांनी, किंवा किमान 60 टक्के क्षेत्र ज्यांच्याकडे आहे अशांनी अर्ज करायचा. जुना चर वळवायचा असेल तर परिषद स्वतःहूनही ते काम हाती घेऊ शकते. मात्र दोन्ही वेळा परिषदेनं नेमलेला अभियंता जागेवर येतो, पाणलोट मोजतो आणि अहवाल देतो. खर्च कुणावर किती हेही तोच ठरवतो. ज्याच्या जमिनीला फायदा त्याच्यावर भार, हे तर उघडच आहे. पण वरच्या अंगाला राहून ज्याचं पाणी या चरातून जातं, त्यालाही पैसे मोजावे लागतात. चर तुमच्या बांधापासून कोसभर लांब असला तरी सुटका नाही. आकारणी पटली नाही तर दाद मागायला जागा आहे, आणि तिच्यावरही अपिलाची सोय आहे.

या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी अट वेगळीच आहे. चर अशा ठिकाणापर्यंत न्यावा लागतो, जिथे पाणी सोडल्यावर कुणाच्या जमिनीचं वा रस्त्याचं नुकसान होणार नाही. म्हणजे ‘माझ्या हद्दीबाहेर काढलं, माझं काम संपलं’ हे चालत नाही. ओढा हलवणं हे पाप आहे असं मी मानत नाही. माणसानं शेती केली ती पाणी वळवूनच. पण चर हलला की पाण्याचा भार एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो, आणि तो दुसरा मंजुरीच्या कागदावर असलाच पाहिजे.

ऑन्टॅरियोनं हे पुरतं साधलंय असं नाही. दक्षिण ऑन्टॅरियोतल्या मूळ पाणथळींपैकी सुमारे 72 टक्के 2002 पर्यंत नाहीशा झाल्या होत्या, आणि त्यातल्या पुष्कळ अशा रीतसर चरांनीच सुकवल्या. शेतातला फॉस्फरस पाण्याबरोबर ईरी सरोवरात जातो आणि उन्हाळ्यात तिथे विषारी शेवाळ माजतं. 2014 च्या ऑगस्टमध्ये पलीकडच्या काठावरच्या अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नळाचं पाणी पिऊ नका, असं लाखो लोकांना सांगावं लागलं. तिथे आलेला फॉस्फरस मुख्यतः अमेरिकी बाजूच्या मॉमी नदीचा होता, पण सरोवर दोघांचं. 2016 मध्ये दोन्ही देशांनी फॉस्फरस 40 टक्क्यांनी घटवायचं ठरवलं. जमीनमालकाला जमीनमालकापासून वाचवणारा कायदा सरोवराच्या काठाशी येऊन थांबतो, एवढाच याचा अर्थ.

आता आपल्याकडे. जमीन महसूल संहितेच्या कलम 20 नुसार ओढे-नाले सामान्यतः शासनाच्या मालकीचे. सातबाऱ्यावर ओढ्याखालची जमीन पोटखराबा म्हणून दिसते. प्रत्यक्षात काय होतं ते शिवारात सगळ्यांना ठाऊक आहे. सुगी आटोपली, जेसीबी मोकळा झाला की वळणं घेत जाणारा ओढा बांधाच्या कडेनं सरळ केला जातो, किंवा सरळ बुजवलाच जातो. चार-सहा गुंठे रान वाढतं. वळणांनी मंदावणारं पाणी आता धावत सुटतं आणि खालच्याच्या उसात घुसतं. खालचा वरच्याशी बोलायचं बंद करतो. बहुतेक वेळा ते भावकीतलेच असतात. तलाठी येतो, पंचनामा होतो, आणि प्रकरण तहसीलच्या कपाटात जातं. कागदावर ओढा जुन्याच जागी वाहत राहतो.

निचऱ्यासाठी चर लागतात हे आपल्याला कळत नाही असंही नाही. कृष्णाकाठी, मिरज-शिरोळ भागात पाण्याच्या अतिवापरानं जमिनी क्षारपड झाल्या. त्या सुधारायच्या तर जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या टाकाव्या लागतात, आणि त्यांचं पाणी बाहेर काढायचा मुख्य मार्ग कुणाच्या तरी शेतातूनच जातो. हे काम एकट्यादुकट्याचं नव्हे. शिरोळ तालुक्यात सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानं ते उभं राहिलं, कारण शेजाऱ्यांना एकत्र बसवणारं कुणीतरी तिथे होतं. कारखाना नाही त्या गावात ते कुणी करायचं? ग्रामपंचायतीनं, असं माझं उत्तर आहे. ओढ्याचं वळण हलवायचं असेल तर तिनं खालच्या सगळ्या गटधारकांना नोटीस द्यावी, पाणलोटाचा नकाशा भिंतीवर लावावा आणि हलवणाऱ्याकडून पुढच्या मोऱ्यांचा खर्च घ्यावा. यात वेळ जाईल, भांडणंही होतील. ती आजही होतातच, फक्त पूर आल्यावर.

बुडालेल्याच्या हाती आज मुख्यतः 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. शेतात पडणाऱ्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतो. ब्रिटिशांच्या काळातला, साधा आणि उपयोगी कायदा. मात्र दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि कारण घडलं ते अडथळा पहिल्यांदा उभा राहिला त्या दिवशी, असं कलम 5 म्हणतं. ओढा बुजतो जानेवारी-फेब्रुवारीत, रान मोकळं असताना. तेव्हा खालच्या रानात कसलाच फरक दिसत नाही, मग तो तहसीलला जाईल कशाला? मोठा पाऊस सप्टेंबरात होतो.