बेथोव्हेनची चाहती, आरिरांगचे चाहते

20 मार्च 2026 रोजी बीटीएस या कोरियन गटाचा ‘आरिरांग’ हा अल्बम आला. 2022 च्या ‘प्रूफ’नंतर सातही जणांनी मिळून केलेला नव्या गाण्यांचा अल्बम आलाच नव्हता. मधल्या काळात एकेक जण सक्तीची लष्करी सेवा करून परतला. सातवा मोकळा झाला जून 2025 मध्ये. जगभरच्या चाहत्यांची, म्हणजे ‘आर्मी’ची, ही प्रतीक्षा किती जीवघेणी होती, हे ज्यांच्या घरात अशी एखादी मुलगी आहे त्यांना सांगायला नको.

इतक्या खंडानंतर परतताना या सात जणांनी अल्बमला नाव दिलं ते एका लोकगीताचं. ‘आरिरांग’ कोणी रचलं, हे कोणालाच ठाऊक नाही. प्रांताप्रांतात त्याची चाल बदलते, शब्द बदलतात. सुमारे 60 प्रकार आणि 3,600 पाठभेद सांगितले जातात. आपल्या जात्यावरच्या ओव्या जशा गावोगावच्या बायकांनी वाढवल्या, तसंच हे गाणं. 1896 मध्ये अमेरिकन संशोधक ॲलिस फ्लेचर यांनी वॉशिंग्टनमध्ये शिकणाऱ्या कोरियन तरुणांच्या तोंडून ते मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतलं. 1926 मध्ये, कोरिया जपानच्या ताब्यात असताना, ना उन-ग्यू यांनी याच नावाचा मूकपट काढला आणि हे गाणं पारतंत्र्यातल्या समाजाचं गाणं झालं. युनेस्कोच्या वारसा यादीत ते दोनदा आहे: 2012 मध्ये दक्षिण कोरियाकडून, 2014 मध्ये उत्तर कोरियाकडून. देशाची फाळणी झाली, गाण्याची झाली नाही.

जुन्या चाहत्याला या नावाचं फार आश्चर्य वाटलं नसणार. 2016 मध्ये पॅरिसच्या मंचावर बीटीएसने आरिरांगच गायलं होतं. 2018 च्या ‘आयडॉल’मध्ये कोरियन लोकगायनातले जुने उद्गार आहेत, तर गटातल्याच शुगाच्या 2020 च्या ‘देचविता’त राजाच्या मिरवणुकीपुढे वाजणारं लष्करी वाद्यसंगीत. म्हणजे हा ओढा आजचा नाही. तरीही इंग्रजी गाण्यांनी अमेरिकेची बाजारपेठ जिंकून झाल्यावर मुखपृष्ठावर हेच नाव छापायचं, याला धैर्य लागतं.

पण आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न वेगळाच असतो: “भाषा कळत नाही, तर आवडतं काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र सोलमध्ये शोधायची गरज नाही. ते वर्ध्यापासून काही किलोमीटरवर, सेवाग्रामात आहे.

सेवाग्राम आश्रमातल्या प्रार्थनेत एक जपानी बौद्ध मंत्र आहे. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू 1933 मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या परंपरेतले भिक्षू आश्रमात राहिले आणि ढोलावर ठेका धरून हा मंत्र म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात जपान उतरल्यावर आश्रमातल्या भिक्षूला ब्रिटिशांनी पकडून नेलं. त्यांचा मंत्र प्रार्थनेत राहिला. त्यामागे उपनिषद, कुराण, पारशी प्रार्थना, मराठी अभंग, गुजराती पदं. ‘आश्रम भजनावली’ म्हणजे या अनेक भाषांच्या गाण्यांचा संग्रह. तिचे संकलक नारायण मोरेश्वर खरे मराठी होते, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य आणि दांडीयात्रेतले एक यात्री. प्रत्येक भाषा येणारा माणूस प्रार्थनेच्या जमिनीवर तेव्हाही बसत नव्हता आणि आजही बसत नाही. आधी सूर अंगवळणी पडतो, मग अर्थाची भूक लागते.

ही भूक कुठवर नेते, याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मीराबेन. सेवाग्रामची गोष्ट सांगताना त्यांचं चाहतेपण सहसा एका वाक्यात उरकलं जातं. ते योग्य नाही, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

मीराबेन म्हणजे मूळची मॅडलिन स्लेड, ब्रिटिश नौदलातल्या ॲडमिरलची मुलगी. किशोरवयात घरातल्या यांत्रिक पियानोवर तिने जर्मन संगीतकार बेथोव्हेन ऐकला आणि ती त्याची झाली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जर्मन म्हटलं की तिटकारा होता; अशा वातावरणात फ्रेडरिक लॅमंड या पियानोवादकाच्या बेथोव्हेन मैफली लंडनमध्ये व्हाव्यात म्हणून तिने खटपट केली. बेथोव्हेनच्या ओढीने ती बॉन आणि व्हिएन्नाला गेली. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी बेथोव्हेनवर लिहिलं आहे हे कळल्यावर ते मुळातून वाचता यावं म्हणून फ्रेंच शिकली आणि मग त्यांना भेटायला स्वित्झर्लंडला पोहोचली. रोलाँनी तिला नाव सांगितलं ते गांधींचं. 7 नोव्हेंबर 1925 रोजी ती साबरमतीला होती.

शेगाव नावाच्या आडगावात गांधीजींच्या आधी राहायला गेल्या त्या मीराबेनच. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी तिथे आले, 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. आज ज्या बापू कुटीसमोर लोक चपला काढून उभे राहतात, ती मूळची मीराबेनची कुटी. एका संगीतकाराच्या चाहतीचा ओढा भाषा, देश, धर्म ओलांडत विदर्भातल्या काळ्या मातीपर्यंत आला.

आणखी एक गोष्ट. 1930 मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. भजनावलीतली गाणी मीराबेनना कळत नव्हती, म्हणून गांधीजींनी तुरुंगात बसून एकेका गाण्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि पत्रांतून त्यांना पाठवला. ती गाणी पुढे पुस्तकरूपाने आली, पण लिहिताना डोळ्यांसमोर वाचक एकच होती.

आज हेच काम कोरियन गाण्यांसाठी चाहते करतात. नवा अल्बम येताच काही तासांत ओळीओळीचे अनुवाद, टिपा, संदर्भ तयार होतात, आणि ते करणाऱ्यांपैकी बहुतेकांना एक पैसाही मिळत नाही. बीटीएसच्या ‘मॅप ऑफ द सोल’ मालिकेसाठी कोणी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग वाचायला घेतो, कोणी हांगुल लिपी गिरवतो. मराठी घरातली मुलगी आजीच्या ओव्या न ऐकता कोरियन लोकगीत ऐकते, याची खंत अनेकांना वाटते. खंत खरी आहे. पण दुसऱ्याच्या लोकगीतापाशी जो एवढ्या कसोशीने थांबायला शिकला, त्याचे कान आपल्या ओवीसाठीही तयार झालेले असतात. त्याला ती ऐकवणारं कोणी हवं.

चाहतेपणाला कामाची सवय लागते, हेही दिसलं आहे. जून 2020 मध्ये बीटीएस आणि त्यांच्या कंपनीने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीला दहा लाख डॉलर दिल्यावर चाहत्यांनी जेमतेम एका दिवसात तेवढीच रक्कम उभी केली. 2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत भारतातल्या आर्मीनेही वर्गणी काढून लाखो रुपये मदतीसाठी जमवले. बहुतेक जण विद्यार्थी किंवा नुकते कमावते. कोणी आदेश दिला नव्हता.

सेवाग्रामचं महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय 1969 मध्ये सुरू झालं. तिथे नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीचे काही दिवस आश्रमात राहावं लागतं: खादी, सफाई, सूतकताई, सर्वधर्मप्रार्थना. देशभरातून आलेल्या या मुलामुलींची पिढी कोरियन गाण्यांवर वाढलेली पिढी आहे. न कळणाऱ्या भाषेतलं गाणं आदराने कसं ऐकायचं, हे तिला शिकवावं लागणार नाही. अवघड आहे तो आश्रमाचा दुसरा धडा, कमी वस्तूंत भागवण्याचा.

कारण कोरियन अल्बम ही नुसती गाणी नसतात. एकच अल्बम अनेक वेष्टनांत निघतो. आत जाड छायाचित्रपुस्तिका असते आणि सात जणांपैकी कोणाचं छायाचित्र-कार्ड निघेल, ते नशिबावर. आवडत्याचं कार्ड मिळेपर्यंत चाहते तोच अल्बम पुन्हा पुन्हा विकत घेतात. ज्या तबकड्या वाजवायला घरात यंत्रच नाही, त्यांचे ढीग साचतात. प्रेमाचं असं प्लास्टिक करणारी ही विक्रीपद्धत चुकीची आहे आणि बीटीएसवर कितीही माया असली तरी ते स्पष्ट म्हटलं पाहिजे. 2025 मध्ये बीटीएसच्या हाइब कंपनीने मुंबईत शाखा उघडली आहे, त्यामुळे हा प्रश्न आता आपल्या दारातला आहे.

समाधानाची बाब अशी की तो सर्वांत मोठ्याने विचारला तो चाहत्यांनीच. 2021 मध्ये इंडोनेशिया आणि कोरियातल्या तरुण मुलींनी ‘केपॉप फॉर प्लॅनेट’ ही मोहीम सुरू केली. नको असलेले अल्बम गोळा करून त्यांनी ते कंपन्यांकडे परत नेले आणि कमी कचऱ्याचा, डिजिटल पर्याय मागितला. काही कंपन्यांनी तसे अल्बम काढायला सुरुवातही केली आहे. छायाचित्र-कार्डांची सोडत मात्र अजून चालूच आहे.