दोन फूट कमी

मुल्कीला पहिल्यांदा सर्फिंग शिकायला गेले तेव्हा मला आठ फुटी, निळा, फोमचा बोर्ड मिळाला. नवशिक्यांना असाच देतात. आकार जवळजवळ दरवाजाएवढा, वरून मऊ. बगलेत मावत नाही म्हणून डोक्यावर घेऊन किनाऱ्यावरून चालायचं. कुणीही लांबून बघून ओळखावं, ही नवीन आहे. गाडीच्या काचेवर लाल ‘एल’ चिकटवतात ना, तसंच.

तिसऱ्या खेपेला मला लहान बोर्ड हवा झाला. विचारलं तर सांगायचे, ‘वळणं शिकायचीयेत.’ ते खोटं नव्हतं. मोठा बोर्ड लाटेवर वळवणं म्हणजे बस वळवण्यासारखं आहे. पण खरं कारण ते डोक्यावरचं ओझंही होतं. मला बोर्ड बगलेत धरून चालायचं होतं.

शिकवणारा म्हणाला, आधी सात-सव्वासात फुटांवर एक सीझन काढा. मी ऐकलं नाही. सहा फूट दोन इंची, कडक, टोकदार नाकाचा सेकंडहँड बोर्ड घेतला. जुन्या बोर्डाचं आकारमान ऐंशी लिटरच्या आसपास होतं, याचं बत्तीस. लिटर कमी म्हणजे बोर्ड पाण्यात खोल बसतो, हातांनी वल्हवलं तरी वेग येत नाही. मोठा बोर्ड लाट फुटायच्या आधीच तिला पकडतो. लहान बोर्डावर लाट उभी होईपर्यंत थांबायचं आणि ती कोसळत असताना उठायचं. पूर्ण आठवड्यात मला चार लाटा मिळाल्या.

तरी मी खूश होते, हे कबूल करते. कारण पहिल्यांदा माझ्या चुका मला दिसल्या. उठताना मी खाली पायांकडे बघते, मागचा पाय फार पुढे टाकते. मोठ्या बोर्डाने हे सगळं निमूट पोटात घातलं होतं. मित्रमैत्रिणींना मी सांगत सुटले की सोपं सोडून अवघड घेणं हाच प्रामाणिकपणा. स्वतःशी स्पर्धा वगैरे.

पाचव्या दिवशी मी बाहेर जात होते आणि समोरून एक जण लाटेवर येत होता. तिथेच शिकवणारा, विशीतला पोरगा. नियम साधा आहे: लाटेवर जो आहे, त्याची वाट मोकळी ठेवायची. तोंडावर फेस घ्यावा लागला तरी चालेल, पण त्याच्या मागच्या बाजूने जायचं. मला तेवढा वेग आला नाही. घाबरून मी बोर्ड सोडून दिला आणि पाण्याखाली गेले. लीश ताणली, बोर्ड उसळला आणि त्याचं नाक त्या पोराच्या भुवईवर बसलं.

तीन टाके. दहा दिवस पाण्यात उतरायचं नाही. त्याला शिकवण्याचे पैसे दिवसावर मिळतात. मी दहा दिवसांचे पैसे दिले, त्याने घेतले, ‘होता है दीदी’ म्हणाला. पैसे दिल्यावर विषय संपायला हवा होता. संपला नाही.

कारण फोमच्या बोर्डावरही मी अगदी हेच करायचे. मोठी लाट दिसली की बोर्ड सोडून द्यायचे. तो मऊ होता, कुणाला लागलं नाही, म्हणून ती सवय आहे हेच मला कळलं नव्हतं. पायांच्या चुकांचं नुकसान माझं मला होत होतं. ही चूक दुसऱ्यांच्या वाट्याची होती, आणि त्यांना न विचारता तो बोर्ड ती माफ करत आला होता.

आता कुणी म्हणेल, मग शिकायचंच नाही का? त्या पोराला टाके घालणारी डॉक्टर माझ्याहून लहान होती. तिचा हातही आधी कुणाच्या तरी कातडीवरच बसला असणार. शिकणाऱ्याची किंमत थोडी तरी इतरांनी मोजावीच लागते, नाहीतर कुणी काहीच शिकणार नाही. मला हे मान्य आहे. पण ती डॉक्टर शिकली नसती तर कुणाचं तरी अडलं असतं. मी सव्वासात फुटांवर एक सीझन काढला असता तर कुणाचंही अडलं नसतं. माझंसुद्धा.

आणि ज्या लाजेपायी मी घाई केली, ती लाज तरी कुठून आली? जुन्या हवाईत ‘ओलो’ नावाचे लांबलचक बोर्ड सरदारांचे असत, सामान्य लोक आखूड ‘अलाया’ वापरत. तिथे लांब बोर्ड हाच मान होता. 1966 साली नॅट यंगने सॅन डिएगोला जागतिक स्पर्धा जिंकली ती नऊ फुटांहून लांब बोर्डावर. त्यानंतर काही वर्षांतच बोर्ड झपाट्याने आखूड झाले आणि लांब बोर्ड म्हणजे जुनाट, असं ठरलं. समुद्राला यातलं काहीच ठाऊक नाही. (हे सगळं मी टाके पडल्यानंतर वाचलं. आधी वाचून ऐकलं असतं का, शंकाच आहे.)

किनाऱ्यावर कुणीच नसतं तर मी तो बोर्ड घेतला असता का? आज म्हणते, नसता घेतला. पण वळणं शिकायची इच्छाही खरी होती. दोन्ही इच्छा एकाच हाताने पैसे मोजत होत्या, आणि त्या वेगळ्या करायला मला अजून नीट जमत नाही.

यंदा पुन्हा निळा बोर्ड डोक्यावर घेतला. बोर्ड कसा धरून ठेवायचा, हेच आधी शिकतेय. तो पोरगा भेटला. भुवईत बारीक रेघ राहिलीये. ‘छोटावाला कहाँ है?’ म्हणाला. पुण्यात, बाल्कनीत, म्हटलं. ‘ले आओ ना, मैं चलाऊँगा.’

हो म्हणाले मी. अजून नेलेला नाही.