हसायला आपली बोली, भांडायला अर्जाची

चोरखमारा, ता. तिरोडा, जि. गोंदिया

चि. बापू,

तू सांगितलेला सिनेमा पाहिला, हिप-हॉपचा तो अल्बमही ऐकला. ‘खरं मत सांगा, गोड बोलू नका’ असं बजावलं होतंस. तर ऐक.

‘झॉलीवूड’ २०२२ सालचा, पण नागझिऱ्याच्या गेटाशी राहणाऱ्याला तो नवाच. तृषांत इंगळेंनी आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांच्या चढाओढीवर विनोदी सिनेमा काढला, एवढ्यावरच मी त्यांना निम्मे गुण देऊन टाकले. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार नाहीतर खडी गंमत, रात्री उशिरा नाटक उभं राहतं आणि उजाडलं की लोक सतरंज्या झटकत घरी जातात. नाटकाच्या बुकिंगला वडसा गाठायचं. होळीपर्यंत हेच. मुंबई-पुण्याच्या पडद्यावर हे क्वचितच दिसतं.

पण मला आवडलं ते निराळंच. आपल्याकडचं बोलणं सिनेमात बहुधा गड्याच्या, हवालदाराच्या नाहीतर बावळट पाहुण्याच्या तोंडी घालतात. नायकानं प्रेम करायचं ते सदाशिव पेठेच्या मराठीत. भारत गणेशपुरेंनी टीव्हीवरून वऱ्हाडी घरोघर नेली, त्याचं मला कौतुकच आहे; पण ती कानावर पडली की लोक आधीच हसायच्या तयारीत बसतात. आपली नाटकंही यातून सुटलेली नाहीत. राजा आणि नायिका पुस्तकी बोलणार, झाडीबोली विनोदी नटाच्या वाट्याला. गडचिरोलीतल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी त्या वाट्याचं सोनं केलं. पाच हजारांवर प्रयोग आणि २०२३ मध्ये पद्मश्री! ‘झॉलीवूड’मध्ये नुसतं ‘का करून रायला बे’ म्हणून हशा मिळत नाही, कारण सगळेच तसे बोलतात. मग विनोदाला प्रसंगातूनच यावं लागतं. पुढं पुढं तो ढिला पडतो, आणि नाटकाला आलेली गर्दी मला आणखी पाहायला हवी होती. हजार माणूस थंडीत कुडकुडत बसलंय म्हणून तर ते नाटक चालतं.

आता ती गाणी. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या पोट्ट्यांचा ‘चेतावनी’. पहिल्या ऐकण्यात डोकं उठलं. ठोका इतका जड की शब्द त्याखाली दबतात, आणि इंग्रजी शब्द विनाकारण घुसतात. दुसऱ्या दिवशी तुझ्या आजीची नजर चुकवून पुन्हा लावला, तेव्हा थोडं थोडं कळायला लागलं. हिंदी, मराठी, गुजराती, ज्याला जी येते तीत तो बोलतो. गुजरातीत म्हणणारा ‘तोडफोड’ नावाचा पोरगा २०२२ मध्ये चोविसाव्या वर्षीच गेला, हे वाचून वाईट वाटलं.

त्यांचंच २०१९ चं ‘द वारली रिव्होल्ट’ मी मात्र पुन:पुन्हा ऐकलं. मुंबईतल्या आरेच्या जंगलासाठी आहे ते. प्रकाश भोईर हे तिथलेच वारली, ते स्वतः त्यात गातात. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडं पडली, ती पडलीच. गाण्यानं एकही वाचलं नाही.

तरी सांगतो, बापू, ते गाणं ऐकताना मला आपलेच अर्ज आठवले. नवेगावच्या जंगलातली कालीमाटी, कवलेवाडा, झनकारगोंदी ही गावं वाघासाठी उठली. वाघ राहावा हे मलाही पटतं. पण अशा वेळी आपला माणूस रागावतो कोणत्या भाषेत? ‘महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय निवेदन’. असे कागद मी गावासाठी ढीगभर लिहिलेत. लिहिता लिहिता राग कुठं जायचा कोण जाणे, खाली सही-शिक्के तेवढे उरायचे. घरात, पारावर, नाटकात हसायला आपली बोली. साहेबापुढं गेलो की ती चपलांबरोबर दाराबाहेर. ‘स्वदेसी’ची पोरं ती आत घेऊन जातात. याच टोळीतला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, नाव लिहितो ‘१००आरबीएच’, चिडतो तेव्हा त्याच्या बोलण्याला कोणी हसत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी त्या ठोक्याचा त्रास मी सहन करीन.

शिव्यांचं म्हणशील, तर शंकरपटाच्या मैदानावर मी याहून रंगीत ऐकल्यात. त्यानं मला काही होत नाही. ‘मी किती मोठा, माझ्याकडं किती पैसा’ ही आत्मस्तुती मात्र आवडत नाही. तू पाठवलेल्या दुसऱ्या रॅपरांत ती फार आहे. त्यांची गाणी मी अर्ध्यावर बंद केली. पुन्हा पाठवू नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा ‘चेतावनी’ फोनमध्ये उतरवून आण, इथं रेंज कधी असते, कधी नसते. मंडईपर्यंत थांब. रात्रीच्या नाटकाची दोन तिकिटं काढून ठेवतो, आणि ते पाहून झाल्यावर तुझं मत मला कागदावर लिहून दे. कानटोपी विसरू नकोस.

तुझा,
आबाजी