स्वकष्टार्जित

आमच्या कपाटात एक हिरवी फाइल आहे. तिच्यात फ्लॅटचा नोंदणी केलेला करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराच्या पावत्या, आणि सगळ्यात वर बँकेचं पत्र: आपल्याकडे आमचं काही येणं नाही. वीस वर्षं हप्ते भरल्यावर निवृत्तीच्या आदल्या वर्षी ते पत्र हातात पडलं, त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन घरी आलो होतो. हिने ते देवापुढे ठेवले आणि मग शेजारी वाटले. गेल्या पावसाळ्यात तीच फाइल पिशवीत घालून मी पुन्हा एका बँकेत गेलो, रिव्हर्स मॉर्गेजची चौकशी करायला.

समोरचे अधिकारी मुलाच्या वयाचे होते, समंजस होते. त्यांनी माझं वय विचारलं, हिचं विचारलं, इमारतीचं विचारलं. कागद चाळून झाल्यावर म्हणाले, “काका, मुलांना सांगितलंय का?”

नियमांत ही अट कुठेही नाही. घर माझ्या नावावर आहे, माझ्या पगारातून घेतलेलं आहे, मुलांची सही लागत नाही. तरी तो प्रश्न मला चुकीचा वाटला नाही. मी “नाही” म्हणालो आणि फाइल परत पिशवीत ठेवली.

केंद्र सरकारने २००७-०८च्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर केली. राष्ट्रीय आवास बँकेने तिचे नियम आखून दिले आणि पंजाब नॅशनल बँकेने आपल्या योजनेचं नाव ‘बागबान’ ठेवलं. त्याच्या चार वर्षं आधी त्याच नावाचा चित्रपट घरोघरी पाहिला गेला होता, म्हाताऱ्या आईबापांची मुलांनी केलेली वाटणी पाहून लोक रडले होते. म्हणजे योजना पहिल्यापासूनच मुलांच्या विरोधात उभी असल्यासारखी लोकांसमोर आली. तिचा विचार करणं म्हणजे मुलांवर अविश्वास दाखवणं, ही समजूत तेव्हापासून सुटलेली नाही असं मला वाटतं.

योजनेचा गाभा मात्र साधा आहे. साठीपुढच्या माणसाने स्वतःचं राहतं घर बँकेकडे गहाण ठेवायचं आणि बँकेने त्याला दरमहा ठरलेली रक्कम द्यायची. हप्ता उलट्या दिशेने येतो, म्हणून नाव रिव्हर्स. आपल्या जुन्या भाषेत बोलायचं तर हे कबजेगहाण नाही, नजरगहाण आहे: कबजा आपला, बोजा त्यांचा. नवराबायको दोघं कर्जदार असतील तर दोघांपैकी मागे राहणारं माणूस जाईपर्यंत घर सोडावं लागत नाही. त्यानंतर वारसांनी कर्ज फेडून घर सोडवून घ्यायचं, नाहीतर बँक ते विकते आणि उरलेली रक्कम वारसांना देते. घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त झालं तरी वरचा बोजा मुलांवर येत नाही. हातात येणारी रक्कम कर्जाची असल्यामुळे तिच्यावर आयकर नाही.

आता हिशोब. मी तो एका जुन्या वहीत मांडला होता, तसाच इथे मांडतो. घर एक कोटीचं, बँकेने धरले त्यातले ८० लाख, व्याज दहा टक्के, मुदत पंधरा वर्षं. दरमहा येतात सुमारे १९,३०० रुपये. पंधरा वर्षांत हाती पडतात पावणेपस्तीस लाखांच्या आसपास, आणि कर्ज उभं राहतं ८० लाखांचं. उरलेले सव्वापंचेचाळीस लाख व्याज. मुदत वीस वर्षांची घेतली तर महिन्याची रक्कम साडेदहा हजारांवर येते.

पण मला विचारात पाडलं ते कर्ज वाढण्याच्या चालीने. दहा वर्षं पूर्ण होतात तेव्हा कर्ज असतं साडेएकोणचाळीस लाख. पुढच्या पाचच वर्षांत ते दुप्पट होतं. त्या पाच वर्षांत बँक आपल्याला देते साडेअकरा लाख, आणि कर्ज वाढतं चाळीस लाखांनी. गृहकर्जात आपण उलटं पाहिलेलं असतं. तिथे सुरुवातीचे हप्ते व्याजातच जातात, मुद्दल हलत नाही, आणि शेवटची वर्षं भराभर उतरतात. इथे पहिली वर्षं हलकी वाटतात. सगळं ओझं शेवटाला, जेव्हा ते वहीत मांडून पाहण्याची ताकदही बहुधा उरलेली नसते.

आपल्या धर्मशास्त्रकारांना चक्रवाढीची ही चाल ठाऊक होती. व्याज एका वेळी मुद्दलाच्या वर मागता येऊ नये, धनकोचं एकूण येणं दुपटीवर थांबावं, हा दामदुप्पटीचा नियम मनुस्मृतीइतका जुना आहे आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंसाठी तो मानला होता. माझ्या वहीतल्या आकड्यांना मी तो लावून पाहिला. साडेबारा वर्षं उलटल्यावर दोनेक महिन्यांत कर्ज हाती आलेल्या रकमेच्या दुपटीला पोचतं आणि पुढे जातं. बँक यात काही गैर करते असं मला म्हणायचं नाही. पैसे तिने आज द्यायचे, परत कधी मिळणार ते यमाच्या वहीत. पण सही करणाऱ्याने ही दुपटीची रेघ स्वतःच्या हाताने कागदावर ओढून पाहावी, एवढं नक्की.

मग कोणी म्हणेल, घर विकून टाका. एक कोटी सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला ५८ हजार व्याज. पंचवीस हजारांचं भाड्याचं घर घेतलं तरी ३३ हजार उरतात आणि मुद्दल शाबूत. कर वजा जाता आणि भाडं वाढत जाता हा फरक घटेल, पण पहिल्या नजरेत १९,३००चा पर्याय हरतो. हरतोच, जर घर ही एक रक्कम असेल तर. पण भाड्याचं घर म्हणजे अकरा महिन्यांचा करार. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दर अकरा महिन्यांनी मालकाच्या फोनकडे डोळे लावायचे, आणि नको म्हणाला तर नवा दवाखाना, नवा वाणी, नवा जिना. हिला संधिवात आहे. इथल्या जिन्याच्या बारा पायऱ्या तिच्या गुडघ्यांना पाठ झाल्या आहेत, अंधारातही. दोन आकड्यांमधला तो तेरा-चौदा हजारांचा फरक म्हणजे न हलण्याची किंमत आहे. ती देणं शहाणपणाचं की नाही, हे दुसरं कोणी सांगू शकत नाही.

फ्रान्समध्ये याचं फार जुनं भावंड आहे. तिथे त्याला ‘व्हियाजे’ म्हणतात. म्हातारा मालक घर विकतो, पण मरेपर्यंत तिथेच राहतो, आणि घेणारा तोवर दरमहा ठरलेली रक्कम देतो. आर्ल गावच्या जान कालमां या बाईंनी १९६५ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, आपलं घर असं एका सत्तेचाळीस वर्षांच्या नोटरीला दिलं. महिना अडीच हजार फ्रँक. नोटरी तीस वर्षं देत राहिला आणि १९९५मध्ये वारला. पुढे त्याच्या विधवा पत्नीने दिले. जान कालमां १९९७मध्ये, १२२ वर्षं पूर्ण करून गेल्या. घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे तोवर देऊन झाले होते. ही गोष्ट सगळे हसत सांगतात, मला ती हसण्याजोगी वाटत नाही. एका माणसाचं हित दुसऱ्याच्या मरणात अडकवणारा करार तीस वर्षं दोन घरांत कसा नांदला असेल, हा विचार मनात येतो.

त्या करारातली एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या साध्या योजनेत नाही. तिथे रक्कम जिवंत असेपर्यंत येत राहते. इथे मुदत संपली की पैसे थांबतात. घरात राहता येतं, बँक बाहेर काढत नाही, पण महिन्याचं पाकीट बंद. मुदत जास्तीत जास्त वीस वर्षांची. साठाव्या वर्षी पंधरा वर्षांची मुदत घेणारा पंचाहत्तरीत, म्हणजे औषधं, मदतनीस बाई, तपासण्या सगळं वाढतं त्या वळणावर, रिकाम्या हाताने उभा राहतो. आयुष्यभर रक्कम देणारा, विमा कंपनीशी जोडलेला प्रकार २००९पासून निघाला आहे, पण मी बोलतो आहे ते साध्या योजनेबद्दल. म्हणून माझं स्पष्ट मत झालं आहे की साठीला ही योजना घेऊ नये. सत्तरी उलटू द्यावी. जितकं उशिरा, तितकं बरं. शिवाय वर्षभर घर बंद ठेवून मुलीकडे परदेशी राहायचा विचार असेल तर नकोच, कारण घर कायमचं सोडल्याचं मानलं जाऊन कर्ज परत मागितलं जाऊ शकतं. आणि मालमत्ता कर, विमा, डागडुजी हे सगळं शेवटपर्यंत आपल्यालाच करायचं. अमेरिकेत ही कर्जं घेतलेल्या कित्येक वृद्धांची घरं हप्त्यापायी गेली नाहीत, कर आणि विमा थकल्याने गेली.

इमारतीचं एक वेगळंच. बँकेला घराचं पुढचं आयुष्य किमान वीस वर्षं असलेलं लागतं, आणि हक्क निर्वेध. पुण्या-मुंबईतल्या आमच्यासारख्या किती सोसायट्यांच्या नावावर जमीन अजून झालेलीच नाही. मानीव अभिहस्तांतरणाच्या फायली वर्षानुवर्षं फिरत असतात. इमारत तिशीची झाली की पुनर्विकासाच्या सभा सुरू होतात. ज्या पिढीला या योजनेची खरी गरज, तिचीच घरं अशी जुनी.

पण हे सगळे अडथळे पार केले तरी ‘मुलांना सांगितलंय का’ उरतंच.

विज्ञानेश्वराने कल्याणीला, चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात, याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली त्याला नऊशे वर्षं झाली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच, हे तिचं सूत्र. बंगालच्या जीमूतवाहनाने दुसरी वाट घेतली: बाप गेल्यावरच हक्क. आपण महाराष्ट्रातले लोक मिताक्षरेत वाढलो. फरक इतकाच, की मिताक्षरेने जे वाडवडिलांच्या जमिनीबद्दल म्हटलं ते आपण मनातल्या मनात स्वकष्टार्जित फ्लॅटलाही लावून टाकलं. योजनेच्या अर्जावर ‘स्वकष्टार्जित’ हा शब्द लिहिताना माझा हात अडखळला. कष्ट माझे होते. पण हप्त्याच्या त्या वीस वर्षांत सहलीला गेली नाहीत ती मुलं. थोरल्याने सायकल मागितली ती दोन वर्षांनी मिळाली. हे घर एकट्या माझ्या कष्टांनी आलं, असं मी कोणत्या तोंडाने लिहू?

ऋणाचंही तसंच. बापाचं कर्ज फेडणं हा मुलाचा धर्म, हे आपल्या कायद्याने २००५पर्यंत धरून ठेवलं होतं, मग दुरुस्तीने सोडलं. मनाने सोडलेलं नाही. माझ्या वडिलांनी शेवटच्या आजारात कितीदा तरी विचारलं होतं, कोणाचं काही द्यायचं राहिलं नाही ना? आणि मी मात्र फेडायचं नाही हे ठरवूनच कर्ज काढणार. नैतिकदृष्ट्या यात खोट नाही, याची मला विचारांती खात्री पटली आहे. घर तारण आहे, धनकोला सगळं ठाऊक आहे, कोणाला फसवलेलं नाही. तरीही ‘कर्ज ठेवून गेला’ हे वाक्य कानाशी वाजतंच.

आमच्या पिढीने ‘नटसम्राट’मधून एक धडा घेतला: हयातीत मुलांच्या हाती काही देऊन बसू नका. मुलं आईवडिलांना विचारत नसतील तर सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मागण्याची तरतूदही २००७च्याच ज्येष्ठ नागरिक कायद्यात झाली. देणं आणि राखून ठेवणं या दोनच गोष्टी आम्हाला माहीत. मला वाटतं, दोन्हींत बोलणं टळतं. देऊन टाकलं की विषय संपतो, राखून ठेवलं की तो मृत्युपत्रावर ढकलता येतो. रिव्हर्स मॉर्गेजमध्ये मात्र आधी तोंड उघडावं लागतं: मला कमी पडतंय.

गणपतीत दोघं मुलं घरी होती. आरतीनंतर मी फाइल काढली. मुलगी लगेच म्हणाली, “बाबा, तुमचं आहे, तुम्ही ठरवा. आम्हाला काय विचारता?” तिच्या आवाजात राग नव्हता, पण ती आत निघून गेली. मुलगा कागद बघत राहिला, काही बोलला नाही. विसर्जन झालं, दोघं आपापल्या गावी गेली.

चार दिवसांनी रात्री त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग जरा थांबून त्याने विचारलं, “बाबा, महिन्याला नेमके किती कमी पडतात?”

निवृत्तीला चौदा वर्षं होत आली. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही कोणाला विचारू दिला नव्हता. ही स्वयंपाकघरात भांडी आवरत होती, तिचा आवाज थांबला.

मी वही उघडली आणि आकडा सांगितला.