मदत, ऋण आणि न्यायबुद्धी : भिलाईतून उभा राहणारा नैतिक प्रश्न

दोन बलाढ्य पक्षांच्या वैरात कोणत्याही बाजूला न जाणाऱ्या राष्ट्राने त्यांपैकी एकाची मदत घ्यावी का, आणि घेतल्यावर त्याची न्यायबुद्धी मोकळी राहते का, हा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातला मूलभूत नैतिक प्रश्न आहे. १९४५ मध्ये युद्ध थांबले. अमेरिका आणि सोव्हिएत संघ ही विजयी राष्ट्रे लवकरच एकमेकांविरुद्ध उभी ठाकली. १९४९ मध्ये अमेरिकेच्या गटाचा नाटो आणि मे १९५५ मध्ये सोव्हिएत गटाचा वॉर्सा करार झाला. अण्वस्त्रांमुळे थेट लढाई परवडणारी नव्हती, म्हणून नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना कर्ज, यंत्रे आणि तंत्रज्ञ पुरवणे हेही स्पर्धेचे साधन बनले.

भिलाई या स्पर्धेचे ठळक उदाहरण आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. भिलाई तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या दुर्ग जिल्ह्यात होते. त्यासाठीच्या सोव्हिएत कर्जावर अडीच टक्के व्याज होते, परतफेड बारा वार्षिक हप्त्यांत आणि रुपयांत करायची होती. मालकी भारत सरकारचीच राहिली आणि भारतीय अभियंत्यांना प्रशिक्षण मिळाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास राउरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या साहाय्याने उभे राहत होते.

अलिप्ततेच्या समर्थकांचा युक्तिवाद असा : प्रत्येक प्रश्नाचा निर्णय त्याच्या गुणदोषांवर करायचा असेल, तर कोणत्याही गटाशी आधीच बांधून घेणे चूक ठरते. गटात सामील झालेले राष्ट्र पुढच्या अन्यायांबद्दलचे आपले मत आगाऊच गहाण टाकते. या अर्थाने अलिप्तता हा गटांविषयीचा तटस्थपणा आहे. न्याय आणि अन्याय यांच्यात तटस्थ राहण्याची मुभा ती देत नाही.

या भूमिकेवरचा सर्वांत खोल आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारात सापडतो. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी साम्यवादी राष्ट्रांविषयीच्या भारताच्या धोरणावर टीका केली. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषणाचा अंत हे साध्य दोघांनाही मान्य आहे, भेद साधनांत आहे. मार्क्सचा मार्ग बळाचा आणि हुकूमशाहीचा, तर बुद्धाचा मार्ग माणसाचे मन पालटण्याचा. बळ काढून घेतल्यावर ती व्यवस्था कशाच्या आधारावर टिकेल, हा त्यांचा प्रश्न होता. साधनाची अशुद्धता साध्यापर्यंत पोहोचते, हा त्यामागचा निष्कर्ष.

त्याच नोव्हेंबरमध्ये अलिप्ततेची कसोटी लागली. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी सुएझ प्रकरणी इजिप्तवर केलेल्या हल्ल्याचा भारताने तत्काळ निषेध केला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत सैन्याने हंगेरीतल्या बुडापेस्टमधला उठाव चिरडायला सुरुवात केली, तेव्हा मात्र संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत भारत मतदानापासून दूर राहिला. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका घेण्याच्या ठरावाविरुद्ध त्याने मत दिले. जयप्रकाश नारायण यांनी या दुटप्पीपणावर उघड टीका केली.

याचा दोष केवळ भिलाईच्या कर्जाला देता येत नाही. दुर्गापूरसाठी ब्रिटनची मदत घेणाऱ्या भारताने सुएझवर ब्रिटनला खडसावलेच होते. ऋण असूनही सत्य बोलता येते, हे त्यावरून सिद्ध होते. हंगेरीच्या वेळी भारताला आडवे आले ते काश्मीर. १९५५ मध्ये श्रीनगरला ख्रुश्चेव्ह यांनी काश्मीरवरील भारताच्या भूमिकेला पाठिंबा दिला होता आणि परक्या देखरेखीखालच्या निवडणुकांचा पायंडा भारताला नको होता. मदतीपेक्षा स्वतःच्या हिताची भीती न्यायबुद्धीला अधिक घट्ट बांधते.

मदत स्वीकारण्याच्या नैतिकतेला आणखी एक बाजू आहे. कारखान्यासाठी अनेक खेड्यांतल्या शेतकऱ्यांची जमीन गेली. कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींतील कंत्राटी मजुरांना न्याय्य वेतनासाठी संघटित व्हावे लागले. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. राष्ट्राने घेतलेल्या ऋणाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, म्हणून स्वातंत्र्याचा हिशेब केवळ परराष्ट्र धोरणात मांडून भागत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. बळावर उभ्या व्यवस्थेविषयीची आंबेडकरांची शंका खरी ठरली. भिलाईत मात्र रेल्वेचे रूळ तयार होतच राहिले, कारण ज्ञान आणि कौशल्य घेणाऱ्याचे होते. यावरून दोन तत्त्वे निघतात. देणाऱ्याचे तत्त्वज्ञान न स्वीकारता त्याचे तंत्र घेता येते, त्यासाठी मालकी आणि शिक्षण आपल्या हाती असले पाहिजे. पण तटस्थतेला नैतिक मूल्य तेव्हाच येते, जेव्हा मित्राच्या अन्यायालाही अन्याय म्हटले जाते. पहिले तत्त्व भारताने भिलाईत पाळले. दुसऱ्यात तो १९५६ साली कमी पडला.