आमरीचे मुद्दल

पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या रानात आंब्याफणसाच्या खोडांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांबट घोस लोंबताना दिसतात. आपल्याकडे त्यांना 'सीतेची वेणी' म्हणतात. ही आमरी, म्हणजेच ऑर्किड. दुसऱ्याच्या खोडावर राहते म्हणून पुष्कळजण तिला बांडगूळ समजून ओरबाडून टाकतात. हा तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते; आमरी खोडाचा केवळ आधार घेते आणि लोंबत्या मुळांनी पावसाचे पाणी व हवेतला ओलावा टिपून जगते.

अशी दुर्मिळ होत चाललेली वनस्पती नुसती राखावी, की माणसाने तिचा उपयोगही करून घ्यावा? कोणी म्हणतात, तिला हातही लावू नये. कोणी म्हणतात, जे उगवते ते माणसासाठीच. आम्हांला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. उपयोग करावा की नाही, यापेक्षा उपयोगानंतर मागे काय उरते, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

हीच सीतेची वेणी आसामचे राज्यपुष्प आहे. बिहूच्या नृत्यात तेथील मुली ती केसांत माळतात. फूल खुडले तरी रोप झाडावर राहते आणि पुढल्या वर्षी पुन्हा फुलू शकते. शिवाय ज्या फुलाला सणात मान असतो, त्याचा समाजाला सहसा विसर पडत नाही. येथे उपयोगच प्रेमाला जन्म देतो.

हिमालयातील सालमपंजाची कथा निराळी आहे. हाताच्या पंजासारखा दिसणारा त्याचा कंद पौष्टिक औषध म्हणून विकला जातो. कंद उपटला की रोपच संपते. दोष मात्र केवळ खणणाऱ्या गरीब पहाडी माणसाला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. त्याच्या कुदळीमागे दूर शहरात शक्ती विकत घेऊ पाहणारा हात असतो, आणि तो कदाचित आपलाही असेल.

या बाबतीत आपले पूर्वज अधिक विवेकी होते. च्यवनप्राशात पडणाऱ्या अष्टवर्गातील जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार वनस्पती आज आमरीच्या जाती म्हणून ओळखल्या जातात. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या ग्रंथात अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ असल्याचे नमूद करून त्याऐवजी शतावरी, अश्वगंधा, विदारीकंद आणि वाराहीकंद घेण्यास सांगितले आहे. दुर्मिळ वस्तूवाचून आपले अडत नाही, हे मान्य करण्यातही शहाणपण आहे.

आमरीच्या एका बोंडात हजारो, काही जातींत तर लाखो बिया असतात. पण त्या धुळीसारख्या बारीक असून त्यांच्यापाशी अन्नाची शिदोरी नसते. रानात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात, हे फ्रान्सच्या नोएल बर्नार याने १८९९ साली दाखवले. पुढे १९२२ साली अमेरिकेच्या लुईस नुडसनने साखर व क्षार घातलेल्या माध्यमावर, बुरशीवाचून, त्या रुजवल्या. रान न लुटता रोपे वाढवण्याची वाट अशी खुली झाली.

खासी टेकड्यांवरील निळ्या वांडाचे उदाहरण पाहा. १८५० साली जोसेफ हूकरने सात माणसांना पुरेल एवढे त्या रोपांचे ओझे गोळा केले. इंग्लंडला जिवंत पोहोचली ती थोडीच. आज हाच वांडा जगभर रोपवाटिकांत वाढतो. २००४ साली वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याला सर्वांत कडक यादीतून दुसऱ्या यादीत आणण्याचे ठरले. तरीही रानातल्या वांडाला भारतीय कायद्याचे संरक्षण आहेच, आणि ते योग्यच आहे. कारण प्रयोगशाळेत रोप तयार होते; त्याचे झाड, त्याची बुरशी आणि त्याचा कीटक तेथे तयार होत नाहीत.

आमच्या मते कसोटी घरच्या हिशेबाइतकी सोपी आहे. व्याजावर संसार चालवावा, मुद्दलाला हात लावू नये. फूल माळावे, रोपवाटिकेतले रोप आनंदाने विकत घ्यावे. पण रानातून उपटून आणलेले रोप कोणी दारात विकायला आणले, तर ते स्वस्त असले तरी घेऊ नये. वादळात मोडून पडलेल्या फांदीवर आमरी आढळली, तर काथ्याने जवळच्या उभ्या झाडाला बांधावी. आज जे आपल्याला फुकट मिळाले आहे, ते पुढच्या पिढीलाही फुकट मिळावे, एवढेच आपले देणे आहे.