आभाळ आलं की



नोव्हेंबर सरत आला की आपल्या कारंजा परिसरात पहाटे शेकोट्या पेटतात, दुपारी स्वेटर काढून हातात घ्यावा लागतो आणि मध्येच एखाद्या दिवशी आभाळ भरून येते. अशाच एका ढगाळ रविवारी मिस्सेनंतर दोघेजण माझ्याकडे आले. पहिला म्हणाला, "फादर, पाणी थांबलं पायजे, तशी प्रार्थना घाला. पऱ्हाटी फुटून हाय, सारा कापूस भिजून राह्यला." त्याच्या मागे उभा असलेला दुसरा हसला. म्हणाला, "माह्या हरभऱ्याले तं हेच पाणी पायजे होतं."

दोघेही एकाच बाकावर बसणारे. मी दोघांनाही "बघू" म्हणालो. धर्मगुरूला "बघू" म्हणता येते ही एक मोठी सोय आहे. पण तो प्रश्न काही चर्चच्या दारात थांबला नाही, माझ्यामागे घरात आला.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको, पण आपल्यात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. फुटलेले बोंड भिजले की कापूस पिवळट पडतो, ओला कापूस व्यापारी भाव पाडून घेतो. तूर फुलोऱ्यावर असेल तर फूल गळते, ढगाळ हवेत अळी वाढते. पेरलेल्या कोरडवाहू हरभऱ्याला मात्र हलकी सर म्हणजे फुकटचे ओलित. आणि या दोघांपेक्षा वेगळी एक तिसरी व्यक्ती आहे, ती प्रार्थना सांगायला आलीच नाही. किलोवर कापूस वेचणारी बाई. पाऊस पडला की त्या दिवशी वेचा नाही, म्हणजे मजुरी नाही. पुढे कापसाला भाव मिळो न मिळो, तिचा तो दिवस गेला तो गेलाच.

माझे बालपण वसईचे. किनाऱ्यावरचा हिवाळा तुमच्या वऱ्हाडातल्या हिवाळ्यासारखा सरळ नसतो. शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेले मतलई वारे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, तेव्हा अंगावर पांघरूण लागते. खारे वारे यायला उशीर झाला की दुपारी घाम फुटतो. आणि याच दिवसांत दक्षिणेकडच्या समुद्रात कमी दाबाचे पट्टे तयार होतात. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असतात. एक सर आली की मेहनत कुजते. माझी आई आभाळाकडे पाहताना प्रार्थना करीत होती की हिशोब, हे मला लहानपणी कळत नसे.

२०१७ साली नोव्हेंबरच्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आले. ३० नोव्हेंबरला ते कन्याकुमारीजवळ होते. इशारा स्पष्ट होईपर्यंत केरळ आणि तामिळनाडूच्या अनेक होड्या समुद्रात गेलेल्या होत्या. शेकडो मच्छीमार बेपत्ता झाले, त्यांतले कितीतरी परतलेच नाहीत, आणि त्यांत आपल्याच कॅथलिक किनारी गावांतले पुष्कळ होते. भरकटलेल्या ६८ होड्या ९५२ मच्छीमारांसह आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या आणि तेथे त्यांची सोय झाली. वादळ वर सरकत गेले, ५ डिसेंबरला मुंबई, ठाणे, पालघरकडे भर थंडीत पाऊस झाला, शाळांना सुट्टी दिली गेली. चैत्यभूमीसाठी विदर्भातून गेलेल्या लोकांचे शिवाजी पार्कच्या चिखलात किती हाल झाले, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. पण आमच्याकडे पोहोचेपर्यंत वादळाचा जोर ओसरला होता आणि दक्षिण गुजरातजवळ ते विरून गेले.

त्या वेळी मी सुट्टीवर घरी होतो. सकाळच्या मिस्सेत चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी मोठ्या भक्तिभावाने म्हणालो की परमेश्वराने आपल्या किनाऱ्याचे रक्षण केले, आपण त्याचे आभार मानू या. मिस्सा संपल्यावर एका म्हाताऱ्या कोळीणबाईंनी मला गाठले. टीव्हीवर त्यांनी केरळच्या होड्या पाहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फादर, त्या होड्यांवर पण मरियामातेचं चित्र होतं. त्यांनी रोझरी म्हटली नसेल का?"

मी तत्त्वज्ञानाचा पदवीधर. संत थॉमस अक्वायनस यांनी प्रार्थनेवर काय लिहिले आहे, ते मला परीक्षेपुरते चांगले येत होते: आपण देवाची योजना बदलावी म्हणून प्रार्थना करीत नाही, तर त्याने जे प्रार्थनेच्या मार्गाने द्यायचे ठरवले आहे ते मिळावे म्हणून करतो. उत्तर खरे आहे, आजही मी ते मानतो. पण ते त्या बाईंना देण्यासारखे नव्हते. आपल्याला "वाचवले" असे मी म्हणालो, तेव्हा न म्हणताच दुसऱ्या कोणाला तरी "वाचवले नाही" असेही म्हणून गेलो होतो, आणि तेही वेदीजवळ उभे राहून. रस्त्यावर ट्रकखाली येता येता वाचलेला माणूस "देवा, तुझे उपकार" म्हणतो, त्यात मला काही चूक दिसत नाही. तो त्याचा श्वास आहे. चूक माझ्यासारखा त्याचा सिद्धांत करतो तेव्हा होते.

याच्याच पोटातला दुसरा प्रश्न मला इथे विचारला गेला. २६ नोव्हेंबर २०२३ हा ख्रिस्तराजाच्या सणाचा रविवार. त्या दिवशी आणि नंतरचे एक-दोन दिवस राज्यात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस झाला, काही भागांत गारा पडल्या, आपल्या विदर्भातही कापूस आणि तूर सापडली. त्या रविवारचे शुभवर्तमान नेमके अंतिम न्यायाचे होते. मग कोणीतरी विचारणारच, "फादर, हे आपल्या पापामुळेच ना?"

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे म्हटले होते. अस्पृश्यता पाप आहे याबद्दल रवींद्रनाथांचा काही वाद नव्हता, तरी त्यांनी या विचाराला कडक विरोध केला आणि गांधीजींनी तो विरोध आपल्या 'हरिजन'मध्ये छापला. मला यात रवींद्रनाथ बरोबर वाटतात. गरिबाची भिंत आधी पडते. ती शिक्षा मानली, तर देव दुबळ्याला गाठून मारतो असे मानावे लागेल. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी नव्हती हे प्रभूने स्पष्ट सांगितले आहे. गंमत अशी की लूकच्या शुभवर्तमानात त्याच्या थोडेच आधी हवामानाचाच विषय आहे. पश्चिमेला भूमध्य समुद्र असल्याने तिकडच्या ढगावरून लोक पाऊस ओळखत, त्याचा प्रभूने उल्लेख केला आहे.

तरीही "आमचा काही संबंध नाही" असे म्हणून मोकळे होता येत नाही. सेमिनरीत आम्हांला नैसर्गिक अनिष्ट आणि नैतिक अनिष्ट असे दोन स्वच्छ भाग शिकवले होते. वादळ पहिल्यात, चोरी दुसऱ्यात. आता ती भिंत तितकी पक्की राहिलेली नाही. माणसाने जाळलेल्या कोळशाने आणि तेलाने समुद्र तापला आहे, अरबी समुद्रही त्यात आला. २०१९ साली ऑक्टोबर संपताना त्याच समुद्रात क्यार आणि महा अशी दोन वादळे एकाच वेळी होती, आणि त्या महिन्यातल्या पावसाने राज्यात सोयाबीन कुजले. यातला माणसाचा वाटा नेमका किती, ते शास्त्रज्ञ मोजतील. पण ज्याचा वाटा सर्वांत कमी, त्याचाच कापूस भिजतो. हा देवाचा न्याय म्हणायचा की आपला अन्याय? मला दुसरे अधिक खरे वाटते.

मग त्या दोघांसाठी कोणती प्रार्थना घालायची? मी मिस्साग्रंथ उघडला. त्यात पावसासाठी प्रार्थना आहे, चांगल्या हवामानासाठी आहे, वादळ शमावे म्हणूनही आहे, आणि तिन्ही एकापाठोपाठ छापलेल्या आहेत. ख्रिस्तसभेलाही एकाच बाकावर बसणारे हे दोघे ठाऊक असावेत! ढग पलीकडच्या शिवारात जावा, एवढे मात्र माझ्याने मागवले नाही. त्या रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत मी तिघांची कामे नुसती सांगितली, वेचणारीचे पहिले.

सोमवारी पहाटे हरभरेवाल्याची गाडी चर्चच्या आवारात आली. गाडीत कापूसवाल्याचे ओले गाठोडे होते आणि पुढे बसून दोघांचे ढगांवरून भांडण चालू होते. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री घालून कापूस पसरला आहे, उलटवायला दोन बाया रोजाने लावल्या आहेत. तो अजून पुरता वाळलेला नाही. त्यामुळे मंगळवारी महिला मंडळाच्या सभेला शेड मिळणार नाही, व्हरांड्यात बसावे लागेल, याची कृपया नोंद घ्यावी.

आपला,
फादर